अंजिराचं शिवलेलं पान

मी एक जुना शिंपी आहे.

थांबा, मित्रांनो. लगेच शिलाई मशीन डोळ्यांपुढे आणू नका. मी पक्षी आहे, तुमच्या मुठीत मावेन एवढा. सोलापुरात पार्वतम्मांच्या शिवणकारखान्यामागे, अंगणातल्या अंजिरावर राहतो. कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतात. मी तीन पावसाळे पाहिले आहेत. आमच्यात एवढ्याला जुनाच म्हणतात. आत्मवृत्त नीट क्रमानं सांगायचं मी ठरवलं होतं. पण खाली हिंदुराव कात्री घेऊन उभा आहे. क्रम मोडला तर मला बोलू नका.

ओळख

डोक्यावर तांबूस टोपी. पाठ हिरवी, पोट मळकट पांढरं. शेपटी कायम ताठ वर. विणीच्या दिवसांत माझ्या शेपटीची मधली दोन पिसं लांब वाढतात. ओरडताना मानेच्या दोन्ही बाजूंना काळा डाग दिसतो. अंगावर एवढं सगळं स्पष्ट असताना—

"ह्यो बुलबुल सकाळधरनं लई वरडतोय, अक्का," हिंदुराव म्हणाला.

"बुलबुल कुठला? गुब्बी असेल," पार्वतम्मा ओट्यावरून म्हणाल्या. गुब्बी म्हणजे कानडीत चिमणी.

बुलबुल! तो माझ्याहून कितीतरी मोठा, शेपटीखाली लाल. चिमणी! तिची चोच दाणे फोडायची, जाड. माझी बारीक, टोकदार. मी ओरडून सांगितलं. टुविट! टुविट! टुविट!

"बगा, परत सुरू झालं," हिंदुराव म्हणाला.

सवयी

आम्ही झुडपांतून, खालच्या फांद्यांतून हिंडतो. पानांवरचे किडे आणि अळ्या वेचून खातो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरटं जोडीदारीण बांधते. मोठं, जिवंत पान निवडते. त्याच्या कडांना चोचीनं भोकं पाडते. त्यांतून कोळ्याचं जाळं, कापूस, नाहीतर कारखान्यातून उडून आलेला दोरा ओवते आणि पानाचा द्रोण करते. आत मऊ कापूस. बाहेरून पाहिलं तर नुसतं गुंडाळलेलं पान. मांजराला कळत नाही, कावळ्याला कळत नाही.

हिंदुरावलाही कळत नाही. तीच तर पंचाईत आहे.

हिंदुराव मोहोळकडचा. शेतात वाढला, आता कारखान्याचं फाटक आणि अंगणातली झाडं सांभाळतो. गुंडाळलेलं पान दिसलं की आत अळी, हे त्याच्या डोळ्यांत लहानपणापासून बसलंय. ज्येष्ठात त्यानं आमचं पहिलं पान असंच कापलं आणि पालापाचोळ्याबरोबर पेटवलं. आत अंडी होती. निळसर, तपकिरी ठिपक्यांची. त्यानं उघडून पाहिलंच नाही. माझी जोडीदारीण त्या धुरावरून फिरत राहिली. मग एके दिवशी दुसऱ्या पानाला भोकं पाडायला लागली.

त्या दुसऱ्या पानात आता पिल्लं आहेत. डोळे नुकते उघडलेत. पंख नाहीत.

"अक्का, हितं परत अळी पडली की," हिंदुराव म्हणाला. "पान गुंडाळलंय. कापून टाकतो." त्यानं फांदी खाली ओढली.

वर्गीकरण

पूर्वी शास्त्रज्ञांनी आम्हाला एका भल्यामोठ्या कुळात कोंबलं होतं. कुठले कुठले छोटे, तपकिरी, गाणारे पक्षी, सगळे एकाच पोत्यात. पुढे रक्ताचं नातं तपासलं तेव्हा कळलं, आमचे खरे भाऊबंद म्हणजे गवतात राहणारा राखी वटवट्या आणि—

मित्रांनो, जमत नाही. कात्री देठापर्यंत आली. टुविट! टुविट!

"हिंदुराव काका! कात्री ठेवा खाली!"

फाटकातून रेश्मा आली. ती कारखान्यात मशीनवर बसते. हातात पुरणाच्या दिंडांचा डबा होता. "आज नागपंचमी हाय. आज काय कापत्यात व्हय?"

"आगं, एक पान तर हाय."

"एक असू दे न्हायतर अर्धं. आमी कालच सुया काडून ठेवल्यात. आज चिरायचं न्हाय, तळायचं न्हाय, सुईत दोरा ओवायचा न्हाय."

"खरंय की," पार्वतम्मा म्हणाल्या. "ठेव रे. उद्या सकाळी काप."

उद्या सकाळी! पिल्लांना उद्या सकाळी पंख फुटणार आहेत का?

हिंदुरावनं फांदी सोडली. झाड हललं आणि थांबलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, अंगण किती गप्प आहे. रोज इथे मशीन एवढ्या धडधडतात की मलाच माझा आवाज ऐकू येत नाही. आज सगळ्या मशीन कापडाखाली झाकलेल्या.

त्या शांततेत ती चोचीत हिरवी अळी घेऊन आली आणि पानात वाकली. आतून बारीक चिवचिव फुटली.

रेश्मा जागीच थांबली. "काका, तुमची अळी बोलती की!"

ती वाकली, पण हात लावला नाही, हे तिचं चांगलं. "अक्का, हितं या. ह्यो आपला दोरा हाय. पॅन्टीचा निळा."

पार्वतम्मा चष्मा सावरत आल्या. "अय्यो! टाके बघ गं. तुझ्याहून बरे आहेत."

"पर अक्का, हिनं पंचमी पाळली न्हाय."

दोघी हसल्या. हिंदुराव हसला नाही. पाचोळा पेटवतात त्या काळ्या जागेकडे तो बघत होता.

"म्हंजी, ज्येष्ठात मी कापलं, त्या पानात...?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी ओरडलो. नेहमीप्रमाणे कुणालाच काही कळलं नाही.

मग त्यानं कात्री कोनाड्यात ठेवली, गणवेशाच्या कापडाची एक पट्टी आणली आणि खोडाला बांधली, म्हणजे इथे कुणी काही कापायचं नाही. संध्याकाळी फाटकाशी जमलेल्यांना तो छाती काढून सांगत होता, "तितं हात लावायचा न्हाय. बुलबुलाचं घर हाय. लई हुशार पाखरू."

बुलबुलाचं!

मित्रांनो, माझा घसा बसलाय, तरी एवढं ऐका. गुंडाळलेलं पान कापण्याआधी जरा थांबा. तुमच्या मशीन बंद करा आणि कान द्या. अळी बोलत नाही. आणि हे पान कुणी शिवलं असं कुणी विचारलं, तर बुलबुलाचं नाव घेऊ नका. शिंपी म्हणतात मला, पण माझंही घेऊ नका. मी नुसता ओरडतो.

शिवलंय तिनं.