सीटची उंची

ईशानला जाऊन सहा महिने होत आले होते. त्याची सायकल गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभी असायची. माझी सून अंतरा ऑफिसमधून आली की गाडी लावायची, सायकलच्या सीटवर क्षणभर हात ठेवायची आणि मगच घरात यायची. मला हे ठाऊक आहे, असं मी तिला कधी भासवलं नाही.

इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते गाडीच्या चाकांबरोबर गॅरेजमध्ये येतं आणि लोखंड खातं. ईशान बर्फातही सायकलनेच कामावर जायचा, म्हणून दर ऑक्टोबरमध्ये ती खोलून बसायचा. काय काय केलं ते फोनवर मला सांगायचा आणि मी नुसतं हं हं करायचो. नागपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यातलं काय कळणार? पण यंदा ते काम करणारं कुणी नव्हतं. तो गेल्यापासून मी अंतराकडेच राहत होतो. इथल्या लायब्ररीतून सायकलदुरुस्तीचं पुस्तक आणलं आणि दोनदा वाचलं.

"बाबा, सायकलवर पीएचडी करताय का?" अंतराने विचारलं.

"हिवाळ्याची तयारी करीन म्हणतो तिची. चालेल का तुला?"

"करा. पण आहे तशीच राहू दे हं, बाबा. तो ठेवून गेला तशीच."

"तशीच राहील," मी म्हणालो.

खंडेनवमीचा दिवस निवडला. त्या दिवशी हत्यारं, वाहनं धुवून पुजायची ही आमच्या घरची रीत. चेन धुतली, पुसली, तेल दिलं. बर्फात घसरू नये म्हणून ईशान चढवायचा ते खिळ्यांचे टायर चढवले. त्यात दोन नखं तुटली. मग सीटची दांडी. ती नळीतून काढून ग्रीस लावायची, नाहीतर मिठाने गंजून आतच अडकते आणि कधीच निघत नाही, असं पुस्तकात होतं.

दांडीवर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता, मळलेला, कडा सुटलेला. पूजेच्या वस्तूवर असली घाण कशाला? मी तो खरवडून काढला. राहिलेला डिंक खोबरेल तेलाने पुसला. दांडी चकाकली. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

ग्रीस लावलेली दांडी नळीत सोडली, तशी ती सरसर आत गेली आणि सीट पार खाली बसली. ती पट्टी कशासाठी होती, हे मला तेव्हा कळलं. पुस्तक उघडून पाहिलं. त्याच पानावर वरच्याच ओळीत होतं: दांडी काढण्याआधी उंचीची खूण करा. ती ओळ मी वहीत उतरवूनसुद्धा घेतली होती.

अंदाजाने सीट वर घेतली. कुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला.

संध्याकाळी अंतरा आली. "अय्या, हार! कसली भारी दिसतेय, बाबा!" म्हणत तिने सीटवर हात ठेवला आणि हसता हसता थांबली.

"सीट हलवलीत?"

मी सगळं सांगितलं. पट्टीचं, तेलाचंही.

"ती पट्टी त्याने लावली होती, बाबा."

"हो."

"मग आता कुठे होती ते कसं कळणार?"

मी पाना घेतला. "तू सांग. म्हणशील तिथे थांबवतो."

"वर. अजून. नाही, जरा खाली. नाही..." तिने डोळे मिटून हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "मला कळतच नाहीये. त्याच्या कमरेला यायची बघा. केवढा होता तो? तुम्हाला तरी माहीत असेल ना?"

मी त्याचा बाप. तेविसाव्या वर्षी त्याला विमानतळावर सोडलं, त्यानंतर तो मला बहुतेक फोनवरच भेटला.

"माझ्यापेक्षा उंच होता," मी म्हणालो.

"ते मलाही माहितीये, बाबा." तिने पर्स उचलली. "असू दे. आवळून टाका कुठेही."

ती आत गेली. मी पाना लावला, पण पूर्ण आवळायला हात धजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर सीट बोटभर वर होती. तिसऱ्या दिवशी थोडी खाली. आता नोव्हेंबर लागला आहे. संध्याकाळी गाडी आल्याचा आवाज येतो, पण तिला आत यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. मी स्वयंपाकघरातच थांबतो. बोल्ट अजून ढिलाच ठेवला आहे.