मुजऱ्यांचा वीट आलेली टोपी

मी एक जुनी टोपी आहे. हसू नका मित्रांनो, मी साधीसुधी टोपी नाही. काळ्या रेशमाची, दोन टोकांची, वर हंसाच्या पांढऱ्या पिसांचा तुरा. आमच्या बेटावर राजाचा प्रतिनिधी म्हणून जो गव्हर्नर येतो, त्याच्या डोक्यावर बसणं हे माझं काम. आजवर बरीच डोकी पाहिली. बहुतेकांना तेलाचा कुबट वास यायचा आणि त्यांच्या घामाने माझं अस्तर ओशट होऊन जायचं.

समुद्रापलीकडच्या एका शिंप्याने मला शिवलं. हंसांना कुणी विचारलं नाही.

माझा पहिला साहेब बेटाचा मालकच होता म्हणा ना. कर बेटावरच्या लोकांनी भरायचा, पण त्यातली पै खर्चायची तर साहेबाची परवानगी हवी. बेटाचे कायदे करणाऱ्या सभेत वरच्या खुर्चीवर तोच. तो नाही म्हणाला की विषय संपला. लोक वाकून मुजरे करायचे आणि मी, मूर्ख, पिसं डोलवायची.

उन्हाळ्यात एकदा सगळं बेट सभेच्या टेकडीपाशी जमतं. वाटेवर लव्हाळी अंथरतात, नवे कायदे वाचून दाखवतात. ज्याचं काही गाऱ्हाणं असेल, त्याने पायथ्याशी येऊन अर्ज द्यायचा. अशीच एकदा व्होरी स्किलिकॉर्न आली. हेरिंग मासे साफ करून पोट भरणारी बाई.

"साहेब, आमच्या बंदराला भिंत नाही. लाट सरळ होड्यांवर येते. माझे दोघे भाऊ असतात हो त्यात."

"बघू," साहेब म्हणाला.

त्याने काय बघितलं ते ऐका. बंगल्यासमोर बग्गी वळवायला ऐसपैस गोल रस्ता झाला. हिवाळ्यात व्होरीचे भाऊ बंदराच्या तोंडाशी बुडाले. साहेब त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेला तेव्हा मी त्याच्या काखेत होते. दारात व्होरीने डोळे पुसले आणि पुन्हा वाकून मुजरा केला. मला माझीच शिसारी आली.

पुढे सभेतली माणसं चिवटपणे भांडली. आधी तिजोरी साहेबाच्या हातून गेली, मग पोलीस, मग ती वरची खुर्चीसुद्धा; सगळं सभेतल्या मंत्र्यांकडे आलं. आताचा गव्हर्नर राजाच्या नावाने सह्या करतो, शाळांची बक्षिसं वाटतो, शंभरी गाठलेल्यांना भेटायला जातो. माणूस भला आहे, डोकंही रोज धुतो. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

कसलं सुटले! सत्ता गेली, पण मुजरे माझ्याकडेच यायचे. आणि भिंत? ती अजून नव्हतीच.

यंदा व्होरीची पणती ब्रीशा अर्ज घेऊन आली. तिचा नवरा त्याच बंदरातून खेकडे धरायला जातो. गव्हर्नरने अर्ज हातात घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मी मंत्र्यांकडे पाठवीन. खरं सांगतो, माझ्या हातात दुसरं काही नाही."

मागे बांधकाममंत्री क्लेग उभा होता. साधा कोट, उघडं डोकं. कुणाचं लक्ष जाऊ नये असा उभा.

"दिलात ना साहेबांकडे? छान झालं," तो गोड हसला. "गेल्या वर्षीही दिला होतात."

त्या हसण्याची मला इतकी किळस आली म्हणून सांगू! पैसे याच्या हातात, आणि हा माझ्या पिसांमागे लपतो.

ब्रीशाने गव्हर्नरच्या हातातून अर्ज परत घेतला आणि क्लेगसमोर धरला. "मग तुम्हीच घ्या. तुमच्या आजोबांची होडीही तिथंच लागायची. भिंत बांधणार का नाही, ते सगळ्यांसमोर बोला."

गर्दीतला एक म्हातारा खेकसला, "अरे, टोपीकडं काय बघताय? क्लेगकडं बघा."

गव्हर्नरने मला डोक्यावरून काढलं आणि तो बाजूला सरला. सगळं बेट क्लेगकडे बघू लागलं. त्याचे कान लाल झाले.

"बांधू," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," ब्रीशा म्हणाली.

"बांधू, म्हटलं ना!"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला जपू नका. लागू दे मला कसर. त्या क्लेगला मात्र उद्या विचारा, परवा विचारा, दगड येईपर्यंत विचारत राहा. ब्रीशाचा नवरा उद्या पहाटेही त्याच उघड्या बंदरातून निघणार आहे.