न विचारलेला प्रश्न

महाडच्या कोर्टाच्या व्हरांड्यात रंगूबाई पहिल्यांदा आली, तेव्हा वैदेही वकील असेल असं तिला वाटलंच नाही. काळा कोट हातावर टाकून बाकावर बसलेली ही मुलगी कुणा वकिलाची लेक असेल, अशी तिची समजूत झाली.

"बाय, ते फुकट केस लढतात ते वकीलसाहेब कुठं बसतात गो?"

"मीच ती," वैदेही म्हणाली.

रंगूबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. "बरं झालं. बाईमाणूस हाय. बोलाया बरं."

रंगूबाई मूळची पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याची. नवरा गेल्यावर भाताचं शेत दिराने कसायला घेतलं आणि घर त्याच्या मुलांनी भरून टाकलं. तिचा मुलगा किशोर मुंबईत चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायचा. तिथे आईला नेण्याची सोय नव्हती. म्हणून ती महाडला आली. एसटी डेपोच्या मागच्या आळीत एक खोली भाड्याने घेतली आणि आसपासच्या खाणावळींना तांदळाच्या भाकऱ्या भाजून द्यायला लागली. खोलीत ओल होती, पावसाळ्यात भिंतींना बुरा यायचा, पण चूल तिची होती. आता घरमालकाने खोली खाली करून मागणारा दावा लावला होता. त्याचं म्हणणं, मुलगा डॉक्टर आहे, तो महाडला येणार आहे आणि त्याला दवाखान्यासाठी हीच जागा हवी आहे.

तालुका विधी सेवा समितीने रंगूबाईसाठी वैदेहीची नेमणूक केली होती. समितीकडून मिळालेली ती तिची पहिलीच केस. कागद उघडले आणि घरमालकाच्या नावापाशी ती थांबली. शरद कारखानीस.

शरदकाका तिच्या वडिलांचे जिवलग मित्र. हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या ओटीवर बसून ती इंग्रजी शिकली होती. तिला सनद मिळाली तेव्हा तिच्या वडिलांच्याही आधी काकांनी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. केस दुसऱ्या कुणाला द्या, असं समितीला सांगता आलं असतं. पण पहिलंच काम परत केलं तर पुढे कोण विचारणार, या भीतीने तिने ते सांगितलं नाही. त्याऐवजी ती काकांकडेच गेली.

काका हसले. "वकिलाला नातं नसतं, बाळ. लढ बिनधास्त. माझाही वकील काही कच्चा नाही."

रंगूबाई प्रत्येक तारखेला यायची. पहाटेच्या भाकऱ्या देऊन, चहाही न पिता. व्हरांड्यात बसलेले लोक तिला म्हणायचे, फुकटच्या वकिलाला केस जिंकली काय अन् हरली काय. रंगूबाई त्यांच्याशी भांडायची. एकदा वैदेहीने ते आतून ऐकलं. "माझी वकीलबाय तशी नाय," रंगूबाई मोठ्याने सांगत होती. वैदेहीला तेव्हा बरं वाटलं होतं.

संक्रांतीनंतर शरदकाकांच्या पत्नी गोदावरीकाकूंकडे हळदीकुंकू होतं. बाकीच्या बायका गेल्यावर काकूंनी वैदेहीला मागे ठेवून घेतलं. वाटीतला तिळगूळ तिच्या हातावर ठेवता ठेवता त्यांचे डोळे भरून आले.

"आमचा रुचिर आता यायचा नाही गं. ठाण्यात दवाखाना टाकलाय त्याने. ब्लॉकही घेतला. सुनेने स्पष्टच सांगितलं, तुमच्या गावात काय आहे म्हणून. आणि हे अजून सगळ्यांना सांगत फिरतात, येणार, येणार. मला तर बाहेर तोंड दाखवायची लाज वाटते." मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. "तुझ्याजवळ बोलले हो. बाहेर बोलू नकोस."

वैदेही मान हलवून घरी आली. आपल्या हातात काय पडलं आहे, हे तिला वाटेतच कळलं होतं. एक प्रश्न विचारला की दावा कोसळणार होता. तिने तो उलटतपासाच्या टिपणात सगळ्यात शेवटी लिहूनही ठेवला.

उलटतपासाच्या दिवशी काका पांढरा सदरा घालून पिंजऱ्यात उभे राहिले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभे राहायचे तसेच ताठ. शपथ घेतली. मुलगा येणार आहे, दवाखाना काढणार आहे, असं खणखणीत आवाजात सांगितलं. मग वैदेही उठली. घरात खोल्या किती, दुसरी जागा आहे का, मुलाचं शिक्षण कुठे झालं, हे सगळं तिने विचारलं. काका उत्तरं देत गेले. शेवटच्या प्रश्नासाठी तिने कागद वर घेतला आणि मागच्या बाकावर, रंगूबाईच्या पलीकडे, तिची नजर गेली. गोदावरीकाकू आल्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही की डोळ्यांनी काही सुचवलं नाही. मांडीवर हात ठेवून त्या नुसत्या तिच्याकडे बघत होत्या.

"आणखी काही?" न्यायाधीशांनी विचारलं.

वैदेहीने कागद खाली ठेवला. "नाही साहेब. एवढंच."

बाहेर आल्यावर काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "छान विचारलंस. शांतपणे. आवडलं मला." तिला तो हात झटकून टाकावासा वाटला, पण ते झालं नाही. मागून रंगूबाई लगबगीने आली. "झालं गो? मला काय कळलं नाय, पन चांगलं इचारलंस ना?"

"हो," वैदेही म्हणाली.

पुढचे काही आठवडे तिने स्वतःची समजूत घातली. म्हातारी एकटी बाई आहे, जायला दुसरी जागा नाही, हे न्यायाधीशांना दिसेलच. युक्तिवादात ती त्यावर जीव तोडून बोलली. पण निकाल विरुद्ध गेला. न्यायाधीशांनी तो वाचून दाखवला, त्यातलं एक वाक्य वैदेहीच्या कानात शिरून बसलं. मुलगा महाडला येणार आहे, या वादीच्या विधानाला उलटतपासात आव्हानच दिलेलं नाही, त्यामुळे ते खरं मानण्यावाचून गत्यंतर नाही.

"काय म्हनाले साहेब?" रंगूबाईने विचारलं.

"खोली सोडावी लागेल. थोडी मुदत दिली आहे."

रंगूबाई भिंतीला टेकून बसली. रडली नाही. पायाचा अंगठा चोळत राहिली. जरा वेळाने तीच वैदेहीला म्हणाली, "तू नको जिवाला लावून घेऊ."

त्याच आठवड्यात ती वैदेहीच्या घरी आली. कापड्याला जाऊन आली होती. दिराच्या घरात पडवी तरी मिळते का ते बघायला. मिळाली नव्हती. येताना तिने ओले काजूगर आणले होते, सोलून, स्वच्छ पिशवीत बांधून. काजू सोलताना चिकाने तिची बोटं भाजली होती, कातडी निघाली होती.

"हरलो ते हरलो," ती म्हणाली. "पर गरिबासाठी तू उभी ऱ्हायलीस. ते काय कमी हाय? उसळ कर याची."

वैदेहीला त्या पिशवीला हात लावता येईना. "मावशी, हे मला नको. मी तुमचं काम केलं नाही."

"आसं का बोलतेस?"

"त्यांचा मुलगा येणार नाही. ठाण्यात त्याचा दवाखाना सुरू झालाय. मला ते माहीत होतं."

रंगूबाईला ते कळायला एक क्षण लागला. "निकालाच्या आदी ठाव हुतं?"

"त्यांना पिंजऱ्यात प्रश्न विचारले, त्याच्याही आधी."

"मग इचारलं का नायस?"

वैदेही खाली बघत म्हणाली, "काकूंनी मला घरातलं म्हणून सांगितलं होतं. आणि त्या दिवशी त्या समोर बसल्या होत्या. माझी जीभच उचलली नाही."

रस्त्यावरून एसटी गेली, तिचा आवाज विरला.

"मी पन बसले हुते ना गो समोर," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. तिने पिशवी उचलून काखेत घेतली. "हे खानावळवाल्याला देते. त्यो तरी घेईल." पायरी उतरताना ती थांबली. "तुझ्यापायी लोकांशी भांडले मी."

वैदेही त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडताच ती साळवी वकिलांकडे गेली. ते महाडातले जुने वकील, तोंडाने फटकळ. तिने सगळं सांगितलं आणि रंगूबाईची केस पुढे फुकट चालवाल का, असं विचारलं.

"चालवीन," साळवी म्हणाले. "अलिबागला जिल्हा कोर्टात अपील करू, ताबा देणं थांबवून घेऊ. पण हा नवा पुरावा आत्ताच का, असं कोर्ट विचारणार. म्हणजे आधी कुणीतरी शेण खाल्लं, हे लिहून द्यावं लागेल. कुणी खाल्लं?"

"मी."

साळवींनी चष्मा काढला. "आपण अनवधानाने राहून गेलं असं लिहू. तू तरुण आहेस. इथल्या अख्ख्या वकीलमंडळींत वाचलं जाईल ते."

"अनवधानाने नव्हतं," वैदेही म्हणाली. "माहीत असून विचारलं नाही, असं लिहा. सही मी करते."

प्रतिज्ञापत्र देण्याआधी ती कारखानीसांकडे गेली. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगणं बरं, असं तिला वाटलं. दुपारची वेळ होती. काका झोपाळ्यावर होते, काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. वैदेही उभ्यानेच बोलली.

काकूंचे हात थांबले. "मी मन मोकळं केलं होतं तुझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "पोटच्या मुलीसारखी समजून."

"हो, काकू."

"मग तेव्हाच कान झाकून घ्यायचे होतेस." सूप तसंच टाकून त्या आत गेल्या.

काका झोपाळ्यावरून उठले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता, मान खाली गेली होती. ज्या माणसासमोर अख्खी शाळा गप्प बसायची त्याला असं बघणं वैदेहीला जड गेलं.

"मला पैशाचा लोभ नव्हता गं," ते म्हणाले. "खोली खाली झाली, रंग दिला, बोर्ड करून ठेवला, की तो येईल असं वाटायचं. जागा तयार आहे म्हटल्यावर बाप काय सांगतो ते ऐकेल." मग झोपाळ्याची कडी धरून, "शपथेवर बोललो मी. मुलांना आयुष्यभर काय शिकवलं, आणि शपथेवर बोललो."

ती त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नव्हे. त्या वेळी नमस्कार घेणं त्यांना नकोसं झालं असावं.

पुढचं सरळ झालं. रंगूबाईच्या किशोरने सुट्टी काढून ठाण्याला जाऊन दवाखान्याच्या पाटीचा फोटो काढून आणला. अलिबागला काकांच्या वकिलाने हरकत घेतली, पण खुद्द काकांनी उलट काही लिहून दिलं नाही. अपील मंजूर झालं आणि खोली रंगूबाईकडे राहिली. निकालपत्रात वैदेहीच्या वागण्यावर चार कडक ओळी होत्या. समितीने तिच्याकडून खुलासा मागवला आणि नंतर बराच काळ तिला एकही केस दिली नाही. वकिलांच्या बाररूममध्ये ती गेली की बोलणं थांबायचं, किंवा तिला तसं वाटायचं.

काकांचं संध्याकाळचं चवदार तळ्याकडे फिरायला जाणं बंद झालं. तिचे वडील आता एकटेच जायचे. एकदा ते म्हणाले, "शेवटी केलंस ते बरोबरच केलंस." आणि चपला काढता काढता पुढे म्हणाले, "पण ती केस तू घ्यायलाच नको होतीस. शरद दुसऱ्या कुणाकडून हरला असता, तर निदान आपल्या घरी येऊन बसला असता."

रंगूबाईला न्याय मिळाला होता, पण त्यातला आपला वाटा आठवला की वैदेहीला अजून लाज वाटायची. बाजारात रंगूबाई भेटली तर मान डोलवायची आणि पुढे जायची. थांबायची नाही.

असं वर्ष गेलं. मग एका तारखेच्या सकाळी रंगूबाई पुन्हा कोर्टाच्या व्हरांड्यात दिसली. सोबत पदराने नाक पुसणारी एक बाई होती.

"ही सोनाबाई. उमरठची," रंगूबाई म्हणाली. "हिला पन खोलीतनं काढतायत. फुकटचा वकील पायजे." वैदेहीने कागदासाठी हात पुढे केला, तर रंगूबाईने कागद तिच्या हातात दिला, पण सोडला नाही. "आदी सांग. मालक तुझ्या वळखीचा हाय काय?"

वैदेहीने नाव वाचलं. त्या माणसाची मुलगी तिच्या वर्गात होती. त्यांच्या घरच्या गणपतीला ती दरवर्षी जायची.

"आहे," ती म्हणाली. "ओळखीचा आहे."

"मग?"

"मग मी नको. चला, साळवी साहेबांना गाठू. ते समितीला सांगून स्वतःकडे घेतील."

सोनाबाईला घेऊन ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. साळवींना सगळं नीट सांगितलं, सोनाबाईला बसायला खुर्ची दिली आणि परत येऊन आपल्या बाकावर बसली. थोड्या वेळाने रंगूबाईही तिथे आली. जरा अंतर ठेवून शेजारी टेकली. दोघी सोनाबाईचं काम आटोपण्याची वाट बघत राहिल्या.