भिंतीवरचा हात

माणूस आपल्या गुन्ह्याची शिक्षा एकदाच भोगतो! अरेकिपा शहरातल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षक तेओबाल्दो हे वाक्य फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहीत. नंतरचे दोन तास ते तुरुंगातून सुटलेल्यांना ती शिक्षा नोकरीच्या मुलाखतीत कशी लपवायची, हे शिकवत.

"गेली सहा वर्षं कुठं होता, सेन्योरा?" त्यांनी मालकाचा आवाज काढून विचारलं.

"पुनोला. आजारी मावशीची सेवा करत होते," एदेल्मिरा म्हणाली.

"नजर खाली गेली! पुन्हा."

"प्रोफे, या वर्गातल्या सगळ्यांच्या मावश्या पुनोलाच आजारी आहेत. तिकडं साथ आलीय की काय?"

त्यांना 'प्रोफे', म्हणजे गुरुजी, म्हणणारा सगळा वर्ग खिदळला. तेओबाल्दो हसले नाहीत.

"तुमची चेष्टा होते, पण मुलगी अनाथाश्रमात आहे ना? नोकरीचा कागद दाखवल्याशिवाय न्यायाधीश तिला परत देणार नाहीत. मग मावशी आजारीच राहू दे."

नवऱ्याची चोरट्या मालाची पिशवी एदेल्मिराने सीमेवरून आणली होती, त्याचीच ही शिक्षा. आत काय आहे ते माहीत होतं, असं ती स्वतःच सांगे. इतकं खरं बोलणाऱ्या बाईला नोकरी कशी लागायची, याच काळजीने तेओबाल्दो शिफारसपत्र घेऊन मुलाखतीला तिच्यासोबत गेले.

कंपनी अल्पाकाच्या लोकरीचे स्वेटर परदेशी धाडणारी होती. अधिकारी सेन्योरा रेनाता यांनी एदेल्मिराने विणलेला नमुना उलटापालटा करून पाहिला. "अहो, काय सफाई आहे! कुठं शिकलात?"

"पुनोला..." एदेल्मिरा थांबली. ती रेनाताबाईंच्या मागची भिंत पाहत होती. तिथे भलामोठा फलक होता. विणणारे दोन हात आणि खाली अक्षरं: 'आम्ही दुसरी संधी देतो.' फोटो मनगटापाशीच कापला होता. उजव्या अंगठ्यावर चंद्रकोरीसारखा व्रण होता.

एदेल्मिराने आपला उजवा हात टेबलावर ठेवला. व्रण तोच होता.

"मावशीबिवशी कुणी नाही, बाई. तुमच्याच कंपनीत शिकले. तुरुंगातल्या तुमच्या कारखान्यात सहा वर्षं. तो हात माझा आहे."

रेनाताबाईंनी नमुना हळूच खाली ठेवला. "अच्छा... पण बघा, तो आमचा सामाजिक उपक्रम. ही भरती. भरतीला स्वच्छ चारित्र्याचा दाखला लागतो. तुम्ही अजून आत असता तर काम उद्यापासून दिलं असतं."

"म्हणजे मी पुन्हा आत जाऊ?" एदेल्मिराने शांतपणे विचारलं. "आत होते तेव्हा माझ्या हातात सुया, कात्र्या, पोत्यांनी लोकर दिलीत. तेव्हा भीती नाही वाटली. आता कुलूप निघालं, तर वाटते?"

उभ्या आयुष्यात कुठल्याही कचेरीत आवाज न चढवलेले तेओबाल्दो ताडकन उठले. "तुम्हाला हात हवेत, माणूस नको! आणि मी? मी दर गुरुवारी तिला तिचा चेहरा झाकायला शिकवत होतो. तुम्ही फोटो मनगटाशी कापलात, मी ओठांशी कापला. लाज वाटली पाहिजे! दोघांनाही!"

"आवाज खाली, सेन्योर," रेनाताबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर एदेल्मिरा म्हणाली, "प्रोफे, शिफारसपत्र आतच राहिलं."

"राहू दे. त्यातही मावशी होती."

सान कामिलो बाजारात एक म्हातारी लोकरीच्या टोप्या विकत असे. एदेल्मिराने तिला पहिल्याच वाक्यात तुरुंग सांगून टाकला. म्हातारीने नमुना ओढून पाहिला. "तुटत नाही. सोमवारी ये. उशीर केलास तर मात्र हाकलीन." नोकरीचा कागद तिने तिथल्या तिथे लिहून दिला.

पुढच्या गुरुवारी तेओबाल्दोंनी फळ्यावर नवं वाक्य लिहिलं: 'ज्याचे हात आपल्याला चालतात, त्याचा चेहराही आपल्याला चालला पाहिजे.' वाचक नागरिकहो, एवढं आपण सगळ्यांनी पाठ केलं, तरी पुष्कळ आहे. मग त्यांनी सांगितलं, "आजपासून मावशी बरी झाली. सहा वर्षं कुठं होतो, ते नजर वर ठेवून सांगायचं."

मुलगी महिन्याभराने घरी आली.

कंपनीला त्या वर्षी समाजसेवेचं पारितोषिक मिळालं. निमंत्रणपत्रिकेवर एदेल्मिराचा हात होता. तिला निमंत्रण नव्हतं.