खिशातले हात

साबिनाची तपासणी सकाळी होती आणि तिच्या आईने, ब्लांकाने, आदल्या दिवशीच तिचा फ्रॉक धुऊन वाळत घातला होता. तपासणी म्हणजे आजाराची नव्हे. मुलाला साध्या शाळेत घालायचं की मंद समजलेल्या मुलांच्या विशेष शाळेत, हे जिल्ह्याहून आलेल्या मानसतज्ज्ञ बाई अर्ध्या तासात ठरवत. गावातली मुलं तपासणीला जात आणि साध्या शाळेत बसत. ओढ्यापलीकडच्या रोमा जमातीच्या वस्तीतली मुलं जात आणि विशेष शाळेत बसत. निकाल इतका ठरलेला असताना तपासणी घ्यायची तरी कशाला, हा प्रश्न गावात अजून कुणाला पडला नव्हता.

विशेष शाळेला नावं ठेवायला जागा नव्हती. छप्पर नवं, दुपारी गरम सूप, शिक्षिका मायाळू. ब्लांका तिथेच शिकली होती. बाहेर पडली तेव्हा तिला झाडू बांधता येत होते आणि कागदाची फुलं करता येत होती. तिथल्या दाखल्यावर पुढे कुठलीच शाळा घेत नव्हती, एवढीच काय ती उणीव.

"तू नाही का तिथे शिकलीस? मेलीस का?" सासू इर्मा बटाटे सोलता सोलता म्हणाली.

"नाही मेले, सासूबाई. म्हणून तर आठवतंय."

तिला आठवत होतं ते तिच्या तपासणीतलं चित्र. घराचं चित्र होतं, त्यात काय काढायचं राहिलंय ते सांगायचं होतं. धुराडं राहिलं होतं. वस्तीत धुराचा पाइप खिडकीतून बाहेर काढतात, त्यामुळे ब्लांका म्हणाली, पडदे. तेव्हाच्या बाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि लिहून घेतलं. त्या मान हलवण्याची धास्ती ब्लांकाच्या अंगातून पुढे कधी गेलीच नाही.

म्हणून तिने साबिनाला सगळं पढवलं होतं. धुराडं, लिफ्ट, न्हाणीतला टब, घरात नसलेली एकूण एक वस्तू. पोरगी मुळातच तल्लख. आजीशी वाद घालून जिंकायची आणि वर आजीलाच समजवायची. सकाळी तपासणीच्या खोलीच्या दाराशी ब्लांकाने तिचा फ्रॉक सारखा केला आणि शेवटची सूचना दिली, की दुकानात वागतेस तशी शहाण्यासारखी वाग. साबिनाने मान डोलावली आणि दार बंद झालं.

दाराला काच होती. ब्लांकाने आत पाहिलं. टेबलावर रंगीत ठोकळे मांडले होते. बाई काहीतरी सांगत होत्या, ठोकळ्यांकडे बोट दाखवत होत्या. साबिना नुसती बघत होती. तिचे दोन्ही हात खिशात होते.

ब्लांकाने काचेला कपाळ टेकवलं.

वस्तीतलं लेकरू चालायला लागलं की त्याला हा धडा मिळतो: दुकानात शिरलं की हात खिशात. हात बाहेर दिसला की पोराने काहीतरी उचललं, असं ठरतं. म्हणून आया प्रत्येक फ्रॉकला खिसे शिवतात. आजच्या फ्रॉकलाही ब्लांकाने शिवले होते, चांगले खोल.

बाईंनी एक ठोकळा पुढे सरकवला. साबिनाने हात आणखी आत खुपसले. बाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि लेखणी उचलली.

चाचणी चालू असताना पालकांनी आत येऊ नये, असं दारावरच लिहिलं होतं. ब्लांकाला तेवढं वाचता येत होतं. आत शिरलं तर आई भांडकुदळ ठरणार, नाही शिरलं तर लेक मंद ठरणार. तिने दाराची कडी धरली. मग दार उघडलं.

"साबिना, हात बाहेर काढ. इथे चालतं."

"तुम्ही मदत केलीत," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, त्याचीच जास्त भीती वाटली. "आता ही चाचणी धरता येणार नाही."

"मग पहिल्यापासून घ्या."

असं वस्तीतून आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बाईंनी घड्याळ पाहिलं, मग साबिनाकडे. हात खिशात का, असं त्यांनी विचारलं, आणि ब्लांकाने खाली मान घालून दुकानाचं सांगितलं.  लिहिलेला कागद बाजूला सारून बाईंनी सगळे ठोकळे डब्यात भरले आणि पुन्हा टेबलावर ओतले.

"बाहेर थांबा," त्या म्हणाल्या, आणि दार लावून आतून काचेवर त्यांनी आपला कोट अडकवला.

ब्लांका भिंतीला टेकून ऐकत राहिली. आत काहीच आवाज नव्हता. हात अजून खिशातच असतील, असं तिच्या मनाने घेतलं. शेजारी रांगेत बसलेल्या गावातल्या बायका तिच्यापासून जराशा सरकून बसल्या.

मग आत लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज आला. पुन्हा एक. पुन्हा एक. आणि पाठोपाठ सगळं धडाधड कोसळलं.

ब्लांकाने डोळे मिटले. एवढं कोसळायचं तर पोरीने चांगलं उंच रचलं असणार, हा आनंद तिला जेमतेम श्वासभर पुरला. रचून पडलेलं चाचणीत धरतात की नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.