मुलांचं वेड

"आत फक्त आपण असू, नली. बोभाटा नको," तिचा थोरला भाऊ श्यामसुंदर म्हणाला होता. "माझ्या शुभाचं लग्न जमत आलंय."

नलिनीने मान डोलावली. तिच्या शिशुवर्गाविरुद्ध कुणाची तरी तक्रार आहे, मॅजिस्ट्रेट बंद खोलीत दोन प्रश्न विचारून सोडून देतील, एवढंच दादाने तिला सांगितलं होतं. घाटकोपरच्या घरात, पुढच्या खोलीत, ती रोज सकाळी मुलांना शिकवायची. बेरीज शिकवताना पदर खोचून बेडकासारख्या उड्या मारायची. चाळिशीची विधवा बाई! शुभाला बघायला आलेल्या मंडळींनी नेमकं तेच पाहिलं होतं.

कोर्टाच्या त्या खोलीत तिला दोन ओळखीचे चेहरे दिसले. दादाने मागे चहाला आणलेले मित्र.

"हे इथे कसे रे, दादा?"

"डॉक्टर आहेत ते," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

त्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने हसत विचारलं होतं, "तुम्हाला मुलांचं वेड आहे म्हणे?"

"लहानपणापासून!" असं म्हणून तिने त्याला आणखी पोहे वाढले होते.

शिपायाने दार लावलं. मॅजिस्ट्रेट पारशी होते, मराठी बेताचं. श्यामसुंदर इंग्रजीत सांगू लागला. बहिणीला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याचा हुकूम व्हावा, असा अर्ज त्याचाच होता. नलिनीला शाळेपुरतं इंग्रजी कळत होतं.

"मॅड सिन्स चाइल्डहुड, सर. ती स्वतःच कबूल करते." डॉक्टरांनी माना हलवल्या.

आता तो 'मुलांचं' म्हणेल, म्हणून ती थांबली. तो खाली बसला.

"साहेब, दार उघडा."

"बाई, दार बंद ते तुमच्यासाठी," मॅजिस्ट्रेट सावकाश म्हणाले. "तुमची अब्रू सांभालायला."

"माझी अब्रू ना? मग माझं मी बघते. माझ्या वर्गाच्या बाजूने बोलायला मुलांच्या आया बाहेर आल्यात."

"नली, वेडेपणा करू नकोस!" श्यामसुंदर उठला. "त्यांनी हे ऐकलं तर उद्या कोण मुलं पाठवील तुझ्याकडे?"

त्याचं खरं होतं. नलिनीने एकदा दाराकडे पाहिलं. "उघडा," ती म्हणाली.

बायका आत आल्या. सगळं ऐकून शेजारची जानकी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्या असला वेड होय? माझ्या घोवाक नाटकाचा वेड आसा. मगे त्याकाय धरून नेतलास?"

बायका फिसकन हसल्या. मॅजिस्ट्रेटनी शिपायाकडून नवऱ्याच्या ह्या नाटकवेडाचा अर्थ समजावून घेतला, मग नलिनीला स्वतः बरेच प्रश्न विचारले, आणि अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावर श्यामसुंदर दात आवळून म्हणाला, "मी झाकत होतो. चव्हाट्यावर तूच आणलंस."

दुसऱ्या दिवशी वर्गात मोजकीच मुलं आली. जानकीची सुगंधा आली, पण तिच्याबरोबर जानकीही. ती उंबरठ्याशी फतकल मारून बसली.

"ये ना गं आत. चहा टाकते."

"नको बाय. हयच बरी आसंय."

"आज घरी काम नाही वाटतं?"

जानकी सुगंधाकडे बघत राहिली. नलिनीने खडू घेतला आणि मुलांना जवळ बोलावलं. सुगंधा धावत येऊन तिला बिलगली.

"सुगंधा," दारातून हाक आली, "थय नको. हकडे बस गो, माझ्याकडे."