सहाशे बारा माणसांची एकच प्रत

थोरले काका छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत त्यांनी घराणं दुरुस्त करायला घेतलं. कॉम्प्युटरवर वंशावळीचा प्रोग्रॅम घातला आणि नऊ वर्षांत सहाशे बारा माणसं त्यात बसवली. 'बसवली' असंच म्हणायला हवं, कारण जी नीट बसत नव्हती त्यांना काकांनी दारातही उभं केलं नाही. नाटकमंडळीबरोबर पळून गेलेले चुलत आजोबा गायब. दारूपायी नोकरी घालवलेले एक चुलते 'अल्पायुषी' ठरले. बिचारे ब्याऐंशीव्या वर्षी गेले होते.

आणि धाकटी आत्या. ती दवाखान्यात नर्स होती, तिथल्याच रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरशी तिने लग्न केलं. तेव्हापासून तीस वर्षं काका तिच्याशी बोलत नव्हते. वंशावळीत तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'अविवाहित'. तिच्या दोन्ही मुली मात्र चांगल्या धडधाकट होत्या.

मी काकांची पुतणी. प्रिंटर अडला की मला बोलावणं यायचं. तीन वर्षांपूर्वी आत्या मला म्हणाली, "दादाने मला कुठे ठेवलंय ते एकदा बघू दे गं."

काकांना विचारलं तर म्हणाले, "फाइल घराबाहेर जाणार नाही. लोक त्यात हवं ते घुसडतात."

मग पुढच्या खेपेला प्रिंटर दुरुस्त करताना मी फाइल गुपचूप पेन ड्राइव्हवर घेतली आणि आत्याच्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडून दिली. बाहेर याला चोरी म्हणतात. आमच्या घरात निरोप पोचवणं म्हणतात.

गेल्या आठवड्यात काकांचा कॉम्प्युटर सुरूच होईना. मी घाबरले, काका नाही.

"दर रविवारी बॅकअप घेतो मी," ते ताठ मानेने म्हणाले. "तुम्हा लोकांसारखा गलथान नाही."

दुरुस्तीवाल्याने डिस्क काढली, उलटसुलट केली आणि विचारलं, "ही तर गेली. बॅकअप ठेवलाय कुठे?"

"त्यातच. वेगळा फोल्डर केलाय. 'सुरक्षित प्रत'."

दुरुस्तीवाला मान खाली घालून हसला. "काका, कपाटाची दुसरी किल्ली तुम्ही कपाटातच ठेवलीत."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस ते भिंतीकडे बघत बसले. काकू सांगायला आल्या, "सहाशे माणसं एकदम गेल्यासारखं करताहेत. त्यातली निम्मी जिवंत होती तेव्हा यांनी कधी फोन केला नाही."

शेवटी मी कबूल केलं.

"म्हणजे चोर घरातच!"

"हो. म्हणून तर माल सापडतोय."

आत्याने फाइल पाठवली, पण अट घातली. आहे तशी घ्यायची, आणि वहिनीसमोर उघडायची. काकांनी नाक मुरडलं, पण मान्य केलं. गरजवंताला अक्कल नसते.

फाइल उघडली. माणसं सातशे चाळीस. तीन वर्षं आत्या एकेका नातेवाइकाला फोन करून विचारत होती. नाटकातले आजोबा परत आले होते, चुलत्यांना त्यांची ब्याऐंशी वर्षं मिळाली होती. आत्याला नवरा मिळाला होता, मुलीही. आणि थोरल्या काकांच्या नावाखाली एक नवी ओळ होती: पहिलं लग्न, आठ महिने, फारकत.

मला तर ठाऊकच नव्हतं.

काका म्हणाले, "हे पुसायचं कसं?"

"पुसा की," मी म्हटलं. "पण आत्याने फाइल सतरा घरी पाठवलीय."

त्यांनी चोरट्या नजरेने काकूंकडे पाहिलं. काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "मला काय बघता? लग्नाआधीच सांगितलं होतं मला तुमच्या आईने. सगळ्यांना माहितीय. तुम्हीच तेवढे विसरला होतात."

काकांनी त्या ओळीतलं पहिल्या बायकोचं जन्मसाल पुन्हा वाचलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी फोन उचलला आणि तीस वर्षांनी बहिणीला पहिलं वाक्य ऐकवलं:

"जन्मसाल चुकलंय. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान होती."

पलीकडून आत्याचा आवाज मलाही ऐकू आला. "तिलाच विचारून लिहिलंय मी. मोठी आहे ती तुझ्याहून. तेव्हा वय चोरून सांगितलं होतं, नाहीतर तू नको म्हणाला असतास."

"ती... आहे?"

"आहे की. ठणठणीत. तुझी चौकशी मात्र केली नाही हं."

काकू खुदकन हसल्या. काकांनी मोठ्याने घसा खाकरला आणि भांडायला सुरुवात केली, पणजोबांच्या भावांवरून, तारखांवरून, आत्याने सगळीकडे घातलेल्या चुकीच्या वेलांट्यांवरून. अर्धा तास झाला तरी फोन खाली ठेवेनात. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला, फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "स्वतःच्या मुलीचं नाव ऱ्हस्व लिहिलंय या बयेने!"

मग हात काढून फोनमध्ये खेकसले, "ते मी करतो दीर्घ. तुझ्या धाकटीचं शिक्षण किती झालंय, ते सांग."